घाटमाथ्याचा हिशेब (भाग 6) : उगमावरची घागर

कणकुंबीच्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. तिथून उठून चोर्ल्याच्या दिशेनं थोडं चाललं की पायाखालचा उतार फिरतो, आणि पुढे दिसणारा ओढा मलप्रभेकडे न वळता कळसा नाल्यातून म्हादईला जातो. मृगाची एकच सर या माथ्यावर पडते आणि दुभंगते. अर्धं पाणी खानापुराच्या घाटाला लागून सौंदत्तीकडे निघतं आणि कुडलसंगमाला कृष्णेला मिळून शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. उरलेलं भीमगडाच्या रानातून उतरतं, गोव्यात मांडवी होतं आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळतं. शाळेत भूगोलाच्या तासाला 'जलविभाजक' हा शब्द पाठ केला होता. त्याचा अर्थ कळला तो कणकुंबीत उभं राहिल्यावर.

मागच्या आठवड्यात खानापुरातल्या कौलांच्या भट्ट्या आणि त्यांना लागणाऱ्या मातीविषयी लिहिलं होतं. या भागात पाण्याविषयी लिहितो, कारण आपल्या तालुक्याचं नाव देशाच्या राजधानीत घेतलं जातं ते याच पाण्यामुळे.

सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला मलप्रभेवर धरण आहे. त्याची क्षमता 37.73 टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण 2,831 कोटी लिटर.) हे धरण अनेक वर्षं पुरतं भरलंच नाही. हुबळी-धारवाडला याच धरणातून पिण्याचं पाणी जातं, आणि नरगुंद-नवलगुंदची काळी जमीनही त्याच्याच कालव्यावर अवलंबून आहे. तिथल्या शेतकऱ्यांचं दुखणं जुनं आहे. 1980 च्या जुलैमध्ये पाणी न पोचलेल्या जमिनीवरही सरकारनं कर लावला म्हणून ते रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. 2015 पासून म्हादईचं पाणी मागत ते पुन्हा धरण्यावर बसले. त्यांची तहान खोटी आहे असं आपल्याकडे कुणी म्हणू नये. पण त्याच लाभक्षेत्रात, जिथे ज्वारी-कापसाचा आणि हलक्या पाण्याचा हिशेब धरून कालवे आखले होते, तिथे उसाचे फड उभे राहिले. धरण रिकामं राहण्याची कारणं शोधताना आपण आभाळाकडे पाहतो. उसाकडेही पाहायला हवं.

धरणात पाणी वाढवायचं म्हणून कळसा आणि भांडुरा हे म्हादईचे दोन नाले मलप्रभेत वळवायची योजना निघाली. 2002 मध्ये केंद्रानं तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि काही महिन्यांतच गोव्याच्या हरकतीवरून ती थांबवून ठेवली. 2006 मध्ये कणकुंबीत कालव्याचं काम सुरू झालं. 2010 मध्ये न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला आणि 14 ऑगस्ट 2018 ला त्याचा निवाडा आला. कर्नाटकाला 13.42 टीएमसी, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. कर्नाटकाच्या वाट्यातले 8.02 टीएमसी वीजनिर्मितीसाठी, म्हणजे पाणी वापरून परत नदीतच सोडायचं. मलप्रभेत वळवायचं ते 3.9 : कळशातून 1.72 आणि नेरशाजवळच्या भांडुऱ्यातून 2.18. केंद्रानं 2020 च्या फेब्रुवारीत निवाडा राजपत्रात छापला, 2022 च्या अखेरीस सुधारित आराखड्याला केंद्रीय जल आयोगाची मंजुरी मिळाली, आणि पुढच्याच महिन्यात गोव्याच्या वन्यजीव विभागानं काम थांबवण्याची नोटीस काढली. प्रकरण अजून कोर्टात आहे.

लवादानं म्हादईचं एकूण पाणी 188.06 टीएमसी धरलं आहे. त्यातले 3.9 म्हणजे शंभरात दोन. एवढ्यानं काय बिघडणार, असं बेळगावात भेटलेले शहाणेसुरते लोकही विचारतात. उत्तर वार्षिक बेरजेत सापडत नाही, ते महिन्यांत सापडतं. घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचा बहुतेक वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा असतो. उरलेले आठ महिने नदी जिवंत राहते ती जमिनीनं धरून ठेवलेल्या पाण्यावर. हे धरून ठेवण्याचं काम उगमाजवळचं रान आणि जांभ्याचा सडा करतात. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसात तो भिजतो आणि मग झऱ्यांतून ओहोळांना हळूहळू पाणी सोडत राहतो. नाला डोक्याशीच वळवला तर शंभरातले दोन कमी होतात हे खरं, पण त्याच्या खालच्या टप्प्यात एप्रिलमध्ये जे उरायचं त्यातलं किती जाईल, याचा जाब ते दोन देत नाहीत.

कणकुंबीतला कालवा पाहिला तर हे डोळ्यांना दिसतं. गावालगत सडा खोल कापून चर काढला आहे, काही भाग जमिनीखालून नेला आहे. 2014 मध्ये लवादाच्या आदेशावरून त्याची वाट बंद करायला लावली. पण चर भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात नाल्याचं पाणी सोडा अथवा न सोडा, दोन्ही बाजूंच्या जमिनीतलं पाणी तो आपल्याकडे ओढून घेतो. शेतात निचऱ्यासाठी चर काढणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. काम झाल्यापासून आपल्या विहिरी लवकर तळ गाठतात, असं कणकुंबीचे लोक सांगतात. दोन नद्यांच्या उगमावर राहून बाईला उन्हाळ्यात घागर घेऊन लांब जावं लागतं, ही गोष्ट तिन्ही राज्यांच्या युक्तिवादात मला कुठेच सापडत नाही. म्हादईचं खोरं 2,032 चौरस किलोमीटरचं. त्यातलं 1,580 गोव्यात, 375 कर्नाटकात, 77 महाराष्ट्रात. वाटे राज्यांचे झाले. उगमावरच्या गावाचा वाटा मोजायला माप नव्हतं.

रानाची गोष्ट वेगळी नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. उत्तरेला तिलारी आणि राधानगरी, पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प. या साखळीतून वाघ ये-जा करतात, आणि खानापूरचं रान तुटलं तर ही वाट मधूनच तुटते. बारापेडेच्या गुहांत रॉटनच्या नावानं ओळखलं जाणारं मोठ्या कानांचं वटवाघूळ आहे. कित्येक दशकं साऱ्या जगाला ते या एकाच ठिकाणाहून माहीत होतं. अभयारण्य व्हायलाच हवं होतं, आणि झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

पण आत गावंही आहेत : गवाळी, कोंगळा, पास्तोली, कृष्णापूर, तळेवाडी, देगाव, आमगाव. पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला खांद्यावर उचलून चिखलातून रस्त्यापर्यंत आणायचं, हे इथलं नेहमीचं. अभयारण्य म्हणून पक्का रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून शिक्षक आणि डॉक्टर नाहीत. तळेवाडीच्या 27 कुटुंबांनी बाहेर पडायचं ठरवलं, आणि 2025 मध्ये कुटुंबामागे 15 लाख रुपयांच्या मोबदल्याचं वाटप सुरू झालं. कायद्याच्या भाषेत हे स्थलांतर स्वेच्छेचं आहे. रस्ता, दवाखाना आणि शाळा दारात असताना माणसानं जायचं म्हटलं तर ती स्वेच्छा. त्यातलं काहीच नसताना तो निघाला, तर त्याच्यापुढे निवड कोणती होती?

2006 च्या वनहक्क कायद्यानं या प्रश्नासाठी एक जागा ठेवली आहे : ग्रामसभा. आधी हक्क नोंदवायचे, मग माहिती देऊन ग्रामसभेची संमती घ्यायची, त्यानंतरच पुनर्वसन. तिथे आपल्या तालुक्याची खरी अडचण सुरू होते, ती भाषेची. पश्चिम खानापूरच्या या गावांत घरातली भाषा मराठी आहे. आदेश येतात कन्नडमध्ये, केंद्राचे मसुदे इंग्रजी-हिंदीत. 2014 पासून पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा पुन्हा निघतो आहे. जुलै 2024 च्या सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतलं 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्र होतं, त्यातलं सर्वांत मोठं, 20,668, कर्नाटकातलं. हरकती नोंदवायला साठ दिवस. त्या साठ दिवसांत गावागावांत एकच बातमी पोचली : घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, गाव उठवणार. मसुद्यात बंदी होती ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजकेंद्र, अतिप्रदूषणकारी कारखाने आणि प्रचंड बांधकामं यांवर. शेती आणि राहती घरं त्या यादीत नव्हती. वाचायला मिळालं असतं तर कदाचित तरीही विरोध झाला असता, पण तो नेमक्या कलमाला झाला असता. त्या सप्टेंबरात कर्नाटक मंत्रिमंडळानं या मसुद्यामागचा कस्तुरीरंगन समितीचा अहवाल नाकारला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आपली गावंही होती. त्यांच्याशेजारी उभं राहून दगडखाणवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

भाषेची ही मागणी भावनेची आहे असं समजून बाजूला सारू नये. 30 जून 2020 ला दिल्ली उच्च न्यायालयानं पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्याचं भाषांतर आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत करण्याचा आदेश दिला होता. मराठी त्या अनुसूचीत आहे, आणि सीमा कुठून जाते यानं त्यात फरक पडत नाही. सीमाप्रश्नावर आपण सत्तर वर्षं भांडतो आहोत. त्या भांडणात कणकुंबी, नेरसे, हेमाडगा या गावांच्या हातात नाल्याचा आराखडा, रानाचा नकाशा आणि पुनर्वसनाच्या अटी मराठीत पडाव्यात, ही मागणी किती वेळा झाली? फलकावरच्या अक्षरांसाठी मोर्चे निघाले, ते निघायलाच हवे होते. नाल्याच्या कागदासाठी निघालेला मोर्चा मला आठवत नाही.

सातवा मसुदा केव्हातरी येईल आणि साठ दिवस पुन्हा सुरू होतील. तोवर प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक काम स्वतःच करावं : गावातल्या विहिरी आणि झरे एका वहीत उतरवून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाण्याची खोली दोरीनं मोजावी. दोन उन्हाळ्यांची अशी वही असेल, तर कालव्यानं विहीर आटली की नाही हे ऐकीव राहणार नाही. वही मराठीत लिहिली तरी आकडे कुठल्याही कोर्टाला वाचता येतात. कणकुंबीच्या एका वाडीत मी एक दोरी आणि शंभर पानी वही देऊन आलो आहे. पहिली नोंद चैत्रातली, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत सव्वीस हात.

(पुढील भागात : बेळगाव-अनमोड रस्त्याच्या रुंदीकरणात पडलेली झाडं)