गझलेतील ‘मी’ कोणाचा?

मराठीत ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ एवढे दोन शब्द उच्चारले, तरी बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे तत्काळ कळते. उर्दूतही तसेच आहे. फार्सीत मात्र क्रियापदाला लिंगभेद नाही. हा भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि मुस्लिम संस्कृतीच्या छायेत वाढलेल्या उर्दू काव्यात स्त्रीचा स्वर कोठे होता, हे शोधू लागलो की तो फार महत्त्वाचा ठरतो.

उर्दू गझल फार्सीच्या संस्कारात वाढली. प्रिय व्यक्ती स्त्री की पुरुष, हे फार्सीत मोघम राहू शके. उर्दूला क्रियापदामुळे ते सांगणे भाग होते. तेव्हा संकेत रूढ झाला, की बोलणारा ‘मी’ पुल्लिंगी आणि प्रिय व्यक्तीही पुल्लिंगीच. त्यामुळे प्रेयसीची ओळख झाकली जाई आणि तेच प्रेम ईश्वरपर अर्थानेही वाचता येई.

दख्खनमध्ये आरंभी निराळी वाट होती. ज्या दखनी बोलीने मराठीचा ‘नको’ आपलासा केला, तिच्यातील काव्यात विरहिणी स्वतःच बोलते. सतराव्या शतकात विजापूरच्या हाशमीने स्त्रियांच्या बोलीत विपुल रचना केली. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस रंगीन आणि इन्शा यांच्यामुळे ‘रेख्ती’ हा प्रकार लोकप्रिय झाला. रेख्ता हे उर्दू काव्याचे जुने नाव. रेख्ती हे त्याचे स्त्रीलिंगी रूप. जनान्यातील म्हणी, शपथा आणि कुजबूज तिने जतन केली, हे तिचे मोल नाकारता येणार नाही. परंतु लिहिणारे प्रायः पुरुष होते, आणि मैफलीतील श्रोतेही पुरुषच. आपल्या होनाजी बाळा, राम जोशी यांच्या लावण्या आठवल्या, म्हणजे स्त्रीलिंगी क्रियापद म्हणजे स्त्रीचा स्वर नव्हे, हे सहज पटेल.

याच्या नेमके उलट उदाहरण हैदराबादेत आहे. माहलका बाई चंदा (1768–1824) ही निजामाच्या दरबारातील मानाची गायिका आणि कवयित्री. ती तवायफ होती. म्हणूनच पडदानशीन स्त्रीला न मिळणारी सभा तिला मिळाली. 125 गझलांचा तिचा काव्यसंग्रह 1798 मध्ये सिद्ध झाला; त्याची प्रत 1799 मध्ये तिने जॉन माल्कमला भेट दिली. तिची गझल रूढ संकेतानेच चालते, पण लेखणी स्त्रीची आहे. मौला अली टेकडीच्या पायथ्याशी तिची कबर आजही पाहावयास मिळते.

कुलीन घरातील स्त्रीला मात्र नाव छापणेही कठीण होते. 1898 मध्ये लाहोरहून ‘तहजीब-ए-निसवाँ’ हे स्त्रियांचे साप्ताहिक निघाले. मुहम्मदी बेगम त्याच्या संपादिका होत्या. अशा नियतकालिकांनी लिहिणाऱ्या स्त्रिया घडविल्या. तरीही अलीगढ परिसरातील जाहिदा खातून शेरवानी (1894–1922) यांनी ‘झे खे शीन’ या केवळ आद्याक्षरांनीच कविता प्रसिद्ध केली. येथे ‘मी’ आहे, पण नाव झाकलेले आहे.

1950 मध्ये अदा जाफरी यांचा ‘मैं साज ढूँढती रही’ हा संग्रह आला. शीर्षकातच स्त्रीलिंगी क्रियापद! पुढे पाकिस्तानातील परवीन शाकिर (1952–1994) यांनी 1976 च्या ‘खुशबू’पासून तरुण स्त्रीचे मन तिच्याच व्याकरणात गझलेत आणले. लिहिणारी, बोलणारी आणि क्रियापद असे तिन्ही एकत्र आले.

मुस्लिम स्त्री मुकी होती, असे विधान आपल्याकडे सर्रास केले जाते. वरील इतिहास पाहता ते टिकत नाही. ती बोलत होती; मात्र कधी तिच्या बोलीवर दुसऱ्याची मालकी होती, कधी तिला दुसऱ्याचे लिंग धारण करावे लागले, तर कधी नावाचा त्याग करावा लागला. आपल्या संतांच्या विराण्या किंवा शाहिरांच्या लावण्या वर्गात शिकविताना शिक्षकांनी हाच प्रश्न विचारावा: येथे ‘मी’ म्हणणारे कोण, आणि लिहिणारे कोण? दोहोंतील अंतर विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले, तर आपल्या आणि शेजाऱ्याच्या वाङ्मयाकडे ते अधिक न्यायबुद्धीने पाहतील.