पुराआधीची मोटार आणि विम्याचा करारनामा

माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी पनवेलच्या खाडीस मिळते, आणि मुसळधार पाऊस व समुद्राची भरती एकाच वेळी आली म्हणजे पाण्यास निघावयाला वाटच उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याने रायगड जिल्ह्यालाही झोडपून काढले. अशा मुलखात ज्याने आजोबांची मोटार जिवापाड जपली आहे, त्याने विम्याचा कागद पावसाळ्यापूर्वीच बारकाईने वाचावा.

सर्वंकष विम्यात पूर व वादळ यांमुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई असते, आणि रस्त्याने वा रेल्वेने वाहून नेताना झालेली हानीही त्यात येते. मात्र पाणी चढण्यापूर्वी मोटार उंचावर हलविण्याचा खर्च प्रमाणित करारनाम्यात नाही, आणि नादुरुस्त झाल्यावर ओढून नेण्यासाठी मिळणारी मर्यादा, खाजगी मोटारीस, अवघी १५०० रुपयांची आहे! ही रक्कम मला अगदीच तुटपुंजी वाटते. शिवाय वाहन सुरक्षित ठेवण्याची वाजवी खबरदारी घेणे ही मालकावरच शर्त आहे.

पाण्यात बंद पडलेली मोटार तिथेच चालू करू पाहणे सर्वांत घातक: पाणी हवेसारखे दाबले जात नाही, म्हणून सिलिंडरमध्ये ते शिरले की दट्ट्या अडतो आणि पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो. ही हानी पुराची नव्हे, मालकाच्या कृतीची, असे म्हणून दावा अनेकदा नामंजूर होतो.

जुन्या मोटारीचे मूल्य घसाऱ्याने न ठरविता उभयपक्षी मान्य रकमेवर ठरवून घ्या, आणि हलविण्याचा खर्च पुरवणीत लेखी मागा.