व्हरांडा पाहून आले आणि…

आमच्या महिला मंडळाची सहल म्हणजे दरवर्षी अष्टविनायक, नाहीतर शिर्डी. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मात्र एकीच्या अमरावतीच्या नणंदेने आग्रह धरला, "देव तर दरवर्षीच बघता, यंदा जंगल बघा." मग काय, आम्ही सहा जणी दादरला रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसलो. सोबत दशम्या, चटणी आणि मनात वाघाची भीती!

अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून सेमाडोह आणि पुढे कोलकास. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आपल्या मेळघाटाचा नंबर होता. कोलकासचं वनखात्याचं विश्रामगृह उंचावर आहे आणि खालून सिपना नदी वळण घेत जाते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, हे तिथेच कळलं.

वाघ काही दिसला नाही. खरं सांगू? मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. मी त्या व्हरांड्याच्याच प्रेमात पडले होते.

पूर्वी जंगलातले साहेब घोड्यावरून दौरा करायचे. एका दिवसात जेवढी मजल होईल तेवढ्या अंतरावर रात्रीच्या मुक्कामाला बंगला बांधायचे. वीज नाही, पंखा नाही आणि विदर्भातला उन्हाळा! मग घरानेच गारवा द्यायला हवा. म्हणून अशा बंगल्यांच्या भिंती जाड. दिवसभराचं ऊन भिंत तापवतं, पण ती धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. छत उंच, म्हणजे गरम हवा डोक्यावरून वर जाते आणि वरच्या झरोक्यांतून बाहेर पडते. कौलांचा उतार पुढे आणलेला, त्यामुळे पाऊस भिंतीवर येत नाही. जोतं उंच, म्हणजे पाणी आणि सरपटणारे जीव बाहेरच. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो व्हरांडा. ऊन त्याच्या कडेलाच थांबतं, आतल्या खोलीच्या भिंतीला टेकतच नाही.

बाईची नजर मात्र स्वयंपाकघर शोधतेच. अशा जुन्या बंगल्यांत ते मागे, वेगळं असतं. आगीची भीती, धूर आणि जेवणाच्या वासाने येणारी जनावरं, अशी कारणं सांगतात. कारणं खरी आहेत. पण माझ्या मनात आलं, व्हरांडा साहेबाला आणि धूर खानसाम्याला! घर कोणी बांधलं यापेक्षा कोणाच्या सोयीने बांधलं ते बघावं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या कोरकू वस्तीत गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा, बांबूच्या तट्ट्यांवर माती लिंपलेल्या भिंती. बाया दारात बसून निवडणं-टिपणं करत होत्या. समोरचीशी गप्पा चालू होत्या. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "अगं, ही तर आपली चाळच की!"

तिच्या त्या वाक्याने मला एकदम घर आठवलं, कारण आमची चाळ आता पडणार आहे. रिडेव्हलपमेंट होणार, टॉवर येणार. घरात स्वतःचा संडास येणार, याचा आनंद मला किती आहे ते रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकाला जाणाऱ्या बाईलाच कळेल. चाळीचं उगाच कौतुक मी करणार नाही. पण नकाशात एक गोष्ट मला खटकत होती आणि ती नेमकी काय ते सांगता येत नव्हतं. कोलकासच्या व्हरांड्यात चहा पिताना ती सापडली. नव्या इमारतीत गॅलरी नव्हती. मधोमध बंद बोळ, दोन्हीकडे दारं आणि भरदिवसा ट्यूबलाइट.

आमच्या तिसऱ्या माळ्यावर एक आजी एकट्या राहतात. दोन वर्षांपूर्वी सकाळी आठ वाजले तरी त्यांच्या दारातली दुधाची पिशवी तशीच होती. नळावरून येणाऱ्या तिघींनी ते पाहिलं. गॅलरीतल्या खिडकीतून डोकावलं, तर आजी जमिनीवर पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. दार तोडून त्यांना हलवलं, म्हणून आज त्या काठी टेकत का होईना, चालतात. बंद बोळात त्या दाराकडे कोणी पाहिलं असतं का?

सहलीहून आल्यावर सोसायटीच्या सभेला आम्ही बायका प्रथमच पुढच्या खुर्च्यांवर बसलो. नाहीतर सभा म्हणजे पुरुषांची आणि चहा आमचा! मी विचारलं, "बोळाचं एक टोक उघडं ठेवता येईल का? कठडा घालून, दोन खुर्च्या मावतील एवढं?" एक काका म्हणाले, "वहिनी, जागा फुकट जाईल. तेवढी घरात मिळाली तर काय वाईट?" त्यांचंही चूक नव्हतं. अख्खा जन्म एका खोलीत काढलेल्या माणसाला फूटभर जागाही मोलाची वाटते. तेव्हा आजीच उठल्या. म्हणाल्या, "माझ्या वाटणीची फूटभर जागा घ्या, पण मला दिसेल असं बसू द्या." सभेत कोणी काही बोललं नाही.

महिन्याभराने सुधारलेला नकाशा आला. प्रत्येक मजल्यावर बोळाचं पूर्वेकडचं टोक उघडं दाखवलंय. आमच्या गॅलरीची सर त्याला नाही, पण वारा येईल, उजेड येईल आणि येणारा-जाणारा दिसेल. अजून ते कागदावरच आहे. प्रत्यक्षात येईपर्यंत आम्ही पाठपुरावा करणार आहोत.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही जुने वाडे पाडून स्लॅबची घरं होत असतील. ओसरी मोडून तिथे ग्रिल लागत असेल आणि मग उन्हाळ्यात कूलरचं बिल वाढत असेल. नवं घर जरूर बांधा. पण नकाशा फक्त 'ह्यां'च्या हातात राहू देऊ नका. तो मागून घ्या, चष्मा लावून बघा आणि दुपारी तीन वाजता कुठे बसणार, शेजारीण हाक मारेल ती कुठून, एवढं तरी विचारा. त्या घरात सगळ्यात जास्त वेळ आपणच असणार आहोत, नाही का?