प्रवाहाबरोबर वाहणारी यंत्रे

खोल समुद्रातले प्रवाह मोजणारी यंत्रे घडवण्यात डग्लस वेब या अभियंत्याची हयात गेली. १९६२ साली ते अमेरिकेतील वुड्स होल सागरविज्ञान संस्थेत रुजू झाले. त्याआधी, १९५५ मध्ये, ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्वॅलो यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा तरंगक तयार केला होता. आपली आणि भोवतालच्या पाण्याची घनता जिथे सारखी होईल, त्या खोलीवर तो स्थिरावे आणि प्रवाहाबरोबर वाहत जाई. आपले ठिकाण कळवण्यासाठी तो आवाज काढी, पण तो आवाज फार लांब पोहोचत नसे. त्यामुळे जहाजाला सतत त्याच्या मागावर राहावे लागे.

वेब आणि सागरशास्त्रज्ञ टॉम रॉसबी यांनी यावर तोड काढली. समुद्रात साधारण हजार मीटर खोलीवर ध्वनीचा वेग सर्वांत कमी असतो. या थरातून वर-खाली निसटू पाहणारे ध्वनितरंग पुन्हा थराकडेच वळतात, म्हणून कमी कंप्रतेचा आवाज तिथून शेकडो किलोमीटर जातो. त्यांचा 'सोफार' तरंगक या थरातून ठरल्या वेळी असा आवाज काढी. दूरदूरच्या श्रवणकेंद्रांवर तो किती वेळाने पोहोचला, यावरून तरंगकाचे ठिकाण कळे. १९७३ च्या 'मोड' या सागरी संशोधन मोहिमेत या तरंगकांनी अटलांटिकच्या पोटातले प्रचंड भोवरे टिपले.

१९८२ मध्ये वेब यांनी स्वतःची कंपनी काढली. स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेचे रस डेव्हिस यांच्या साथीने घडवलेल्या 'अ‍ॅलेस' तरंगकाला श्रवणकेंद्रांची गरजच उरली नाही. पोटातले तेल पंपाने बाहेरच्या पिशवीत ढकलले, की वजन तेवढेच राहून आकारमान वाढते आणि तरंगक वर येतो. तेल आत घेतले, की तो बुडतो. वर आल्यावर उपग्रहाद्वारे त्याचे ठिकाण कळते. दोन ठिकाणांमधले अंतर आणि मधला काळ यांवरून खोल प्रवाहाचा वेग काढता येतो. आज जगभर सुमारे चार हजार तरंगक असलेला 'आर्गो' प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. त्यात हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेमार्फत भारतही सहभागी आहे.

सागरशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांच्याबरोबरच्या चर्चांतून वेब यांचे 'स्लोकम ग्लायडर' हे यंत्र आकाराला आले. त्याला पंख असल्याने वर-खाली होतानाच ते पुढेही सरकते. २००९ मध्ये असेच एक ग्लायडर न्यू जर्सीहून निघून २२१ दिवसांनी स्पेनच्या किनाऱ्याजवळ पोहोचले. ग्लायडर अपेक्षित जागेपासून जितके भरकटून वर येते, त्यावरून वाटेतल्या पाण्याचा सरासरी प्रवाह मोजला जातो.