क्रॅनियोसॅक्रल थेरपी : एक परिचय आणि काही सावधगिरीच्या सूचना

अलीकडे चिकित्सालयात येणारे काही रुग्ण, विशेषतः शहरांत वा परदेशात राहून आलेले, ‘क्रॅनियोसॅक्रल थेरपी’ हे नाव घेऊन येतात. शिरोधारेसोबत ही चिकित्सा मिळेल काय, अशी पृच्छा औषधालयांतही होते. अशा वेळी वैद्याला या पद्धतीची यथार्थ माहिती असावी, या हेतूने हा अल्प परिचय आम्ही सादर करीत आहोत.

उगम

या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील ऑस्टिओपॅथीत आहे. डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीचे विद्यालय स्थापिले. तेथील विद्यार्थी विल्यम गार्नर सदरलँड (१८७३–१९५४) यांना सुटी केलेली कवटी पाहताना जतुकास्थी व शंखास्थी यांच्या तिरप्या कडा माशाच्या कल्ल्यांसारख्या भासल्या. ही रचना हालचालीसाठीच असावी, असा तर्क त्यांनी केला आणि पुढे त्यावर आपली चिकित्सा उभारली. डॉ. जॉन अपलेजर (१९३२–२०१२) यांनी मानेच्या एका शस्त्रक्रियेत साहाय्य करताना मेरुरज्जूच्या दृढावरणाची लयबद्ध हालचाल पाहिल्याचे नमूद केले आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातील संशोधनानंतर त्यांनी १९८५ साली फ्लोरिडात संस्था काढली आणि ही पद्धत ऑस्टिओपॅथीबाहेरील चिकित्सकांनाही शिकविली.

तत्त्व व कृती

कवटीपासून त्रिकास्थीपर्यंत दृढावरणाची एक अखंड पिशवी असून तीत मस्तिष्कमेरुद्रव खेळतो. प्रौढांत हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो व दिवसाला अंदाजे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. ही शरीररचना निर्विवाद आहे. तथापि श्वास व नाडी यांहून वेगळी, मिनिटास ६ ते १२ आवर्तनांची एक लय या द्रवामुळे उत्पन्न होते, ती हाताला कळते व तिच्यातील अडथळा स्पर्शाने दूर करता येतो, हे या पद्धतीचे गृहीतक आहे.

रुग्णाला कपड्यांसह मेजावर उताणे झोपवितात. चिकित्सक पावले, त्रिकास्थी, मानेचा पाया व कवटीच्या बाजू यांवर क्रमाने हात ठेवतो. एक बैठक पाऊण ते एक तासाची असते. स्पर्शाचा भार सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी सांगितला आहे. औषध तोलण्याच्या काट्यावर बोट टेकवून पाहिल्यास हा भार किती हलका आहे, याची प्रचीती कोणासही येईल. मर्दनाची सवय झालेल्या आमच्या हातांना तो साधण्यास बराच सराव करावा लागला.

आयुर्वेदीय दृष्टी

शिर हे उत्तमांग असून त्रिमर्मांपैकी एक होय. सुश्रुताचार्यांनी वर्णिलेल्या १०७ मर्मांपैकी कवटीच्या सांध्यांवरील पाच सीमंत मर्मे कालांतरप्राणहर, तर शंख व अधिपति ही सद्यःप्राणहर सांगितली आहेत. शिरावर हात जपून ठेवावा, हा विचार त्यामुळे आपणांस नवा नाही. अभ्यंग, सेक, पिचू व बस्ती असे चतुर्विध मूर्धतैलही आपल्याजवळ आहे. परंतु सीमंत मर्म म्हणजेच क्रॅनियोसॅक्रल लय, असे समीकरण मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. संहितेत नसलेला अर्थ तिच्यावर लादल्याने ना संहितेचा मान वाढतो, ना रुग्णाचे हित साधते.

पुरावा काय सांगतो?

जतुकास्थी व पश्चकपालास्थी यांमधील सांधा किशोरवयाच्या अखेरीस अस्थीने जोडला जातो. त्यामुळे प्रौढांत तेथे हालचाल होते, हे म्हणणे शरीररचनेला धरून नाही. १९९४ साली तीन चिकित्सकांनी त्याच १२ रुग्णांची लय स्वतंत्रपणे मोजली असता त्यांची मापे जुळली नाहीत. जुनाट वेदनांवरील प्रयोगांच्या २०१९ अखेरच्या एका एकत्रित विश्लेषणात वेदना कमी झाल्याचे आढळले, तर २०२४ मधील दुसऱ्या विश्लेषणाने उपयुक्तता अमान्य केली. शांत जागा, निवांत तासभर आणि कनवाळू स्पर्श यांनी रुग्णास स्वस्थता लाभते, हे आम्हीही अनुभवितो. त्यासाठी द्रवाच्या लयीचा आधार घ्यावा लागत नाही.

एक प्रसंग

सत्तरीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. तीन आठवडे डोके जड, झोप नाही. मुलीने कोठेतरी वाचून हाच स्पर्शोपचार करण्याचा आग्रह धरला. लक्षणे वातज शिरःशूलाची वाटली व आम्ही त्यांना मेजावर झोपविले. हात ठेवण्यापूर्वी ‘कोठे पडला होता का?’ असे सहज विचारले. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून डोके आपटले होते आणि हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळीही चालू होती. उपचार थांबवून तत्काळ सीटी स्कॅनसाठी पाठविले. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठलेले निघाले. शस्त्रक्रियेनंतर ते बरे झाले. इतक्या मृदू उपचाराने अपाय तो काय होणार, या समजुतीने आम्ही पहिला प्रश्न शेवटी विचारला होता. ही चूक आमची होती.

व्यवसायबंधूंस सूचना

डोक्यास अलीकडचा मार, रक्तस्राव, कवटीचा अस्थिभंग, धमनीचा फुगवटा किंवा मस्तिष्कांतर्गत दाब वाढल्याची शंका असल्यास हा उपचार वर्ज्य आहे. अकस्मात उठलेली तीव्र डोकेदुखी, ज्वरासह मान ताठरणे, वारंवार उलटी, दृष्टी वा वाणीतील बदल, हातापायांतील दौर्बल्य आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात धाडावे. अर्भकाच्या टाळूवर असे प्रयोग करू नयेत. चालू औषधे रुग्णाने परस्पर बंद करू नयेत, हे स्पष्ट सांगावे.

औषधालयाच्या मालकांनी शिरोऽभ्यंगाची तेले विकताना अपस्मार वा पक्षाघात बरा करण्याची जाहिरात त्यांस जोडू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात या व्याधींचा समावेश आहे.

ज्यांना ही पद्धत अभ्यासावयाची असेल, त्यांनी प्रत्येक रुग्णाची वेदना शून्य ते दहा या मापावर उपचारापूर्वी, नंतर व चार सप्ताहांनी नोंदवावी. ज्यांना लाभ झाला नाही, त्यांच्याही नोंदी ठेवाव्यात. अशा नोंदी संघटनेकडे आल्यास त्यांवर एकत्र बसून विचार करता येईल.