होमर : आधी ओठांवर, मग कागदावर

आज होमरची ओळख करून घेऊ या. 'इलियड' आणि 'ओडिसी' ही ग्रीक भाषेतली दोन महाकाव्यं त्याच्या नावावर आहेत. ती साधारण २७०० वर्षांपूर्वीची मानतात. होमर आंधळा होता असं ग्रीक लोक सांगत आले.

'इलियड' ही ट्रॉय शहराभोवतीच्या युद्धाची कथा. 'ओडिसी'त त्या युद्धानंतर ओडिसियस राजा दहा वर्षं भटकून घरी पोचतो. इकडे त्याची बायको पेनेलोपी लग्नासाठी दारात ठाण मांडलेल्या पुरुषांना झुलवत ठेवते. सासऱ्याचं कफन विणून झालं की उत्तर देते, असं म्हणायची. दिवसा विणायची, रात्री उकलायची. अशी तिनं तीन वर्षं काढली!

'इलियड'च्या १५ हजारांवर ओळी, 'ओडिसी'च्या १२ हजारांवर. लिहिण्याची सोय नसताना एवढं रचलं कसं? अमेरिकेतले अभ्यासक मिलमन पॅरी यांना दिसलं, की या काव्यांत ठरावीक शब्दजोड्या पुन्हा पुन्हा येतात. पहाट आली की तिची बोटं गुलाबी, अकिलीस आला की तो चपळ पायांचा. या तयार जोड्या हाताशी धरून गायक गाता गाताच पुढची ओळ रचायचा.

जात्यावर बसलेल्या आजीला हे वेगळं शिकवायला नको. तिच्याही ओवीची सुरुवात तयार असते, पुढचं ती आपल्या मनातलं घालते.

पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हिया देशात हिंडले. तिथं आवदो मेजेदोविच नावाचा खाटीक भेटला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यानं १२ हजारांहून जास्त ओळींचं एकच गीत सांगून लिहवून घेतलं. अक्षर न येणारा माणूस महाकाव्य रचू शकतो, याचा पुरावाच मिळाला.

पॅरींनी तिथल्या बायकांची गाणीही जमवली. बेला बार्टोक या संगीतकारानं त्यांतल्या काहींचे सूर लिहून काढले. पण जास्त गाजली ती पुरुषांची युद्धगीतंच.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. तरी कितीतरी अजून नुसत्या ओठांवरच आहेत. जातं गेलं, पिठाची गिरणी आली. बायांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ओवी म्हणायची जागा गेली.

होमरची गाणी कुणीतरी लिहून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. त्याचं निदान नाव तरी उरलं. ओवी रचणारीचं नाव मात्र बहुधा मागं राहत नाही.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीला एखाद्या म्हाताऱ्या आजीला बोलवा. तिची परवानगी घेऊन तिच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करा, वहीत उतरवा. आणि खाली तिचं नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.