वाघ्या, टोगो आणि गवळ्याचा काळू

गेल्या मार्गशीर्षात नातवाला घेऊन रायगडावर जाण्याचा योग आला. महाडाहून गडाच्या पायथ्यापर्यंत मोटारीने आणि तेथून वर रज्जुमार्गाने. आमच्या गुडघ्यांनी पायऱ्यांस नकार देऊन आता बरीच वर्षे झाली. जगदीश्वराचे दर्शन घेतले, महाराजांच्या समाधीपुढे मस्तक नमविले आणि वळतो तोच जवळच्या उंच चौथऱ्यावरील वाघ्या कुत्र्याकडे बोट दाखवून चिरंजिवांनी विचारले, "आजोबा, याने खरंच चितेत उडी घेतली होती?"

जन्मभर खडूची धूळ खाल्लेल्या माणसालाही हा प्रश्न सोपा नव्हता. ती कथा वर्गात आम्ही अनेकदा रंगवून सांगितली आहे आणि ऐकताना मुलांचे डोळे पाणावलेले पाहिले आहेत. परंतु महाराजांचे निर्वाण १६८० सालचे. तत्कालीन साधनांत वाघ्याचा आधार सापडत नाही, असे अभ्यासक सांगतात. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकाने त्याचे नाव सर्वतोमुखी केले, आणि हे स्मारक तर १९३६ सालचे. २०१२ साली काही मंडळींनी पुतळा उखडून काढला, थोड्याच दिवसांत तो पुन्हा बसविला गेला. २०२५ साली तो हटविण्याची मागणी पुन्हा झाली. त्या वादात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. नातवाला मात्र आम्ही खरे तेच सांगितले, "बाळा, पुरावा नाही." त्याचा चेहरा उतरला. तेव्हा रज्जुमार्गाच्या पाळीची वाट पाहता पाहता, ज्याला पुरावा आहे अशा एका कुत्र्याची हकीकत आम्ही त्यास सांगितली.

अमेरिकेच्या वायव्य टोकास अलास्का नावाचा हिमप्रदेश आहे. तेथे हिवाळ्यात बर्फावरून बिनचाकी गाड्या ओढण्यास कुत्रे जुंपीत. १९२५ च्या जानेवारीत नोम गावी मुलांना घटसर्पाने गाठले. हा शब्द ऐकताच घरातील वडीलधाऱ्यांचे चेहरे कसे पालटत, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. औषधी लस रेल्वेच्या टोकापासून पावणेसातशे मैल दूर आणायची होती. सुमारे वीस गाडीवानांनी हातोहात ती साडेपाच दिवसांत पोहोचविली. त्यांत लेओनार्ड सेपाला हा मोहरा, आणि त्याच्या गाडीचा अग्रणी कुत्रा टोगो. जपानच्या विजयी नौसेनापतीचे नाव त्यास दिलेले; अंगलट मात्र लहानखुरी!

पिल्लू असताना हा टोगो आजारी आणि उपद्व्यापी. हा गाडीच्या कामाचा नव्हे, असे ठरवून सेपालाने तो एका घरी पाळण्यास दिला. तर हा खिडकीची काच फोडून बाहेर पडला आणि मैलोगणती धावत मूळ घरी परतला. पुढे कोंडून ठेवले तरी निसटून गाड्यांमागे लागायचा आणि समोरून येणाऱ्या कुत्र्यांच्या खोड्या काढायचा. अखेर कंटाळून, निदान ताब्यात तरी राहील म्हणून, आठ महिन्यांच्या त्या वांडाला सेपालाने जुंपले. त्या पहिल्याच दिवशी तो पाऊणशे मैल धावला आणि संध्याकाळी सर्वांच्या पुढे होता! आमच्या वर्गांतही शेवटच्या बाकावर असे दोन-चार टोगो बसून गेले. त्यांतला एखादाच आम्ही वेळेवर ओळखला, ही रुखरुख अजून आहे.

लशीच्या वेळी टोगो बारा वर्षांचा, म्हणजे कुत्र्यांत म्हातारा. तरी लस घेण्यास जाताना व घेऊन येताना मिळून त्याने अडीचशे मैलांहून अधिक मजल मारली, आणि तीही गोठलेल्या समुद्राच्या तडकणाऱ्या बर्फावरून. ऋग्वेदात हरवलेल्या गाई शोधण्यास निघालेल्या सरमेला पणी विचारतात, की रसा नदीचे पाणी तू ओलांडलेस तरी कसे? हे सूक्त शिकविताना आता आम्हांस टोगो आठवल्याशिवाय राहत नाही.

शेवटचा सुमारे पन्नास मैलांचा टप्पा बाल्टो नावाच्या कुत्र्याच्या गाडीने वादळात पार केला. गावात तो प्रथम शिरला म्हणून कीर्ती त्याची झाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बागेत त्याचा पुतळा उभा राहिला. सेपालाला हे फार लागले. टोगो १९२९ साली वारला. न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळा झाला तो २००१ साली.

"म्हणजे तिथेही पुतळ्याची गडबडच!" नातू म्हणाला. आम्हांस हसू आले.

परतताना महाड मागे पडले आणि पोलादपूरच्या वाटेवर आम्हांस आमच्या ओळखीचा एक कुत्रा आठवला. आमच्या लहानपणी डोंगरावरच्या वाडीतून एक गवळी धनगर दुधाची कावड घेऊन घरी येई. पुढे काळू. पावसाळ्यात वाटेतला ओढा आधी काळूने हुंगायचा. तो उतरला तरच गवळ्याने पाय घालायचा. एका श्रावणात दूध फार उशिरा आले. आई रागावली, तेव्हा गवळी म्हणाला, "काळू सोडीना, काकू." कुत्रा वाटेत आडवा पडला, काठीचे दोन तडाखे खाऊनही हलेना. आणि गवळी त्याला ओलांडू पाहतो तोच वरून लोंढा आला.

आमचे आजोबा नित्य वैश्वदेव करीत. त्या दिवसापासून काळूसाठी भाताचा गोळा वेगळा निघू लागला. पण कावड रिकामी होऊन गवळी उठेपर्यंत काळू त्यास तोंड लावीत नसे. भाताकडे पाठ करून दुधाशी बसे, आणि मांजर फिरकले तर फक्त एक कान हलवी.

काठीच्या त्या दोन तडाख्यांबद्दल गवळी पुढे कितीतरी वर्षे आईजवळ हळहळत असे. ओढा पाहण्याचा नातवाने हट्ट धरला म्हणून आम्ही मोटार थांबविली. आता तेथे पूल झाला आहे. काळू आडवा पडला होता तो कातळ पुलाखाली अजून दिसतो. नातू खाली उतरून त्यावर बसून आला.